लँग्लीच्या गणक स्त्रिया : पडद्यावर आणि पडद्यामागे

‘हिडन फिगर्स’ या २०१६ सालच्या अमेरिकन चित्रपटातला एक प्रसंग पाहणाऱ्याच्या मनातून सहसा जात नाही. अंतराळ मोहिमेच्या कचेरीत काम करणाऱ्या कॅथरिन जॉन्सन या कृष्णवर्णीय गणितज्ञ बाईंना ‘काळ्यांसाठी’ राखून ठेवलेल्या स्वच्छतागृहात जाण्यासाठी हातात कागदांचे भेंडोळे घेऊन अर्धा मैल धावत जावे लागते. एके दिवशी भर पावसात भिजून त्या परत येतात तेव्हा साहेब सर्वांसमोर विचारतात, रोज इतका वेळ तुम्ही असता कुठे? बाईंच्या संयमाचा बांध फुटतो. मग तो गोरा साहेब लोखंडी अवजार घेऊन स्वतः जातो आणि त्या स्वच्छतागृहावरच्या पाटीवर घावावर घाव घालून ती खाली पाडतो. प्रेक्षागृहात टाळ्या पडतात.

असे काही घडले नव्हते. तो साहेबही नव्हता. अल हॅरिसन हे पात्र अनेक वरिष्ठांचे मिश्रण करून पटकथेसाठी तयार केलेले आहे. आणि मुख्य म्हणजे जॉन्सनबाई कधी त्या अर्ध्या मैलाच्या वाटेने धावत गेल्याच नाहीत. व्हर्जिनिया राज्यातील हॅम्प्टन येथील लँग्ली प्रयोगशाळेच्या ज्या भागात त्या काम करीत, तेथील गोऱ्या स्त्रियांच्या स्वच्छतागृहांवर कोणतीही पाटी नव्हती. त्या सरळ तेथे जात. बऱ्याच काळानंतर कोणीतरी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी ती कानाआड केली, आणि ते प्रकरण तेथेच संपले. हा अपमान सोसावा लागला तो मेरी जॅक्सन यांना. प्रयोगशाळेच्या पूर्व भागात कामासाठी गेल्या असता त्यांनी तेथील गोऱ्या सहकारी स्त्रियांना स्वच्छतागृह कोठे आहे असे विचारले, आणि उत्तरादाखल हसू आले : तुमचे कोठे आहे हे आम्हांला कसे ठाऊक असणार?

सिनेमाला इतिहासाचे पुस्तक समजून त्याची झडती घेत बसणे हा रसिकपणा नव्हे. दोन तासांत वीस वर्षे बसवायची तर काही सांधावे लागते आणि काही सोडावे लागते, हे कोणीही मान्य करील. तथापि काय बदलले यापेक्षा ते कोणत्या दिशेने बदलले, याला महत्त्व आहे. जॉन्सनबाईंनी नियम मुकाट्याने धुडकावला होता. चित्रपटात तो नियम त्या निमूटपणे पाळतात आणि एक दयाळू पुरुष तो त्यांच्यासाठी मोडतो. जे धैर्य एका स्त्रीचे होते, ते पडद्यावर तिच्या वरिष्ठाच्या खात्यावर जमा झाले.

लँग्लीतली एक पाटी मात्र खरोखरीच हटली होती, आणि ती हटवणारी व्यक्ती साहेब नव्हती. उपाहारगृहात कृष्णवर्णीय गणक स्त्रियांसाठी मागच्या बाजूला एक मेज राखून ठेवलेले असे, व त्यावर तशा अर्थाची पुठ्ठ्याची पाटी असे. मिरियम मान नावाच्या अंगाने लहानखुऱ्या बाईंनी एके दिवशी ती उचलली आणि आपल्या पर्समध्ये टाकली. दुसरी पाटी आली, तीही पर्समध्ये गेली. घरच्या माणसांना काळजी वाटे की यापायी नोकरी जाईल. बाई बधल्या नाहीत. शेवटी एक दिवस नवी पाटी येण्याचेच थांबले. पडद्यावर दाखवायला हा प्रसंग अवघड खरा; त्यात ना घाव आहेत ना टाळ्यांची जागा.

चित्रपटाच्या नावात एक श्लेष आहे. इंग्रजीत ‘फिगर’ म्हणजे आकडा आणि व्यक्तीही. मराठीत तो साधत नाही. पण दुसरी एक गोष्ट मराठीत अधिक नीट सांगता येते. आज ‘कॉम्प्यूटर’ म्हटले की यंत्र डोळ्यांसमोर येते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते अमेरिकेत एका हुद्द्याचे नाव होते. आकडेमोड करणारे माणूस म्हणजे कॉम्प्यूटर. आपण यंत्राला ‘संगणक’ हा शब्द घडवला, आणि माणसासाठी ‘गणक’ हा जुना शब्द आपल्याकडे होताच. तेव्हा या स्त्रियांना गणक म्हणावे हे बरे.

या गणकांचे काम काय होते? लँग्लीला मोठमोठे वातबोगदे होते. त्यांतून जोराचा वारा सोडायचा, त्यात विमानाची प्रतिकृती बसवायची, आणि तिच्या पृष्ठभागावर ठिकठिकाणी किती दाब पडतो याच्या नोंदी घ्यायच्या. अशा एकेका चाचणीतून आकड्यांच्या राशी बाहेर पडत. त्या तपासून, सूत्रांत घालून, आलेख काढून अभियंत्याच्या हाती देईपर्यंतची सारी मेहनत गणकांची. १९३५ साली पाच स्त्रियांना घेऊन लँग्लीत अशी पहिली तुकडी उभी राहिली. त्या सर्व गोऱ्या होत्या. हे काम कंटाळवाणे असते, ते पुरुष अभियंत्यांकडून काढून घेतले तर त्यांचा वेळ वाचतो आणि बायका ते अधिक बिनचूक करतात, असा प्रशासनाचा अनुभव होता. बायकांना पगारही कमी द्यावा लागे. तीच पदवी घेतलेला पुरुष अभियंता म्हणून नेमला जाई, स्त्री पुष्कळदा त्याखालच्या श्रेणीत. अहवाल छापून आला की वर नाव अभियंत्याचे असे. ज्यांनी आयुष्यात कधी दुसऱ्याच्या सहीसाठी टिपण तयार केले आहे, त्यांना ही पद्धत अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

या कचेरीत कृष्णवर्णीय स्त्रियांचा प्रवेश झाला तो कोणाच्या औदार्याने नव्हे. १९४१ साली रेल्वेच्या शयनयान-सेवकांचे पुढारी ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर प्रचंड मोर्चा नेण्याचा इशारा दिला, आणि अध्यक्ष रूझवेल्ट यांना संरक्षण उद्योगांतील वर्णभेदास मनाई करणारा आदेश क्रमांक ८८०२ काढावा लागला. त्यात महायुद्ध ऐन भरात आलेले. विमाने हजारोंनी हवी होती आणि गणित जाणणारी माणसे अपुरी पडत होती. १९४३ पासून लँग्लीने कृष्णवर्णीय महाविद्यालयांतील पदवीधर स्त्रिया घ्यावयास सुरुवात केली. त्यांना प्रयोगशाळेच्या पश्चिम भागात वेगळे बसवण्यात आले. वॉशिंग्टनचा आदेश होता नोकरी देण्याचा. शेजारी बसवण्याचा नव्हता. आणि व्हर्जिनिया हे एकेकाळी गुलामगिरीसाठी शस्त्र उचललेले राज्य होते. मराठी वाचकाला ह्या प्रश्नाची ओळख नवी नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले होते, ते अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तेथील सज्जनांना. त्या मुक्तीला सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला तरी मुक्त झालेल्यांच्या नाती वेगळ्या मेजावर जेवत होत्या.

या पश्चिम विभागात १९४३ च्या डिसेंबरात दाखल झालेल्या डोरोथी व्हॉन या शिक्षिका होत्या. एकोणिसाव्या वर्षी विल्बरफोर्स विद्यापीठाची पदवी घेतलेल्या या बाई फार्मव्हिल गावातील मोटन हायस्कुलात गणित शिकवीत. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेतील शिक्षकाचा पगार तो किती असणार! त्या वर्षीच्या उन्हाळी सुटीत बाई लष्करी छावणीच्या धुलाईखान्यात तासाला चाळीस सेंट मजुरीवर राबल्या. लँग्लीचा पगार शाळेच्या पगाराच्या दुपटीहून अधिक होता. मुले फार्मव्हिलला घरच्या माणसांपाशी ठेवून त्या हॅम्प्टनला आल्या. नेमणूक युद्ध संपेपर्यंतचीच होती. त्या निवृत्त झाल्या १९७१ साली.

१९४९ मध्ये पश्चिम विभागाच्या गोऱ्या प्रमुख बाईंची जागा रिकामी झाली तेव्हा व्हॉनबाईंना हंगामी प्रमुख नेमण्यात आले. हंगामी हा शब्द पुसला जाऊन त्या कायम व्हायला आणखी सुमारे दोन वर्षे गेली. त्या संस्थेतील त्या पहिल्या कृष्णवर्णीय विभागप्रमुख. चित्रपटाची कथा १९६१ सालात घडते, आणि तीत व्हॉनबाई प्रमुखाचे सगळे काम करूनही त्या पदापासून वंचित आहेत. गोऱ्या अधिकारी बाई त्यांना ताटकळत ठेवतात. व्हॉनबाई नव्याने आलेल्या आय. बी. एम. यंत्राची भाषा आपणहून शिकून घेतात, आपल्या मुलींनाही शिकवतात, आणि अखेरीस प्रमुखपदाचा कागद त्यांच्या हातात पडतो. कथेला साजेसा शेवट आहे.

प्रत्यक्षातला क्रम बरोबर उलटा होता. १९५८ साली जुन्या विमानविद्या समितीचे ‘नासा’ झाले आणि वर्णानुसार वेगळ्या ठेवलेल्या सर्व सोयी रद्द करण्यात आल्या. पश्चिम विभाग बंद झाला. तो बंद होणे हा न्यायच होता, यात संशय नाही. पण त्या न्यायाबरोबर व्हॉनबाईंचे पदही गेले. स्त्री-पुरुष व गोरे-काळे अशा संमिश्र विभागात त्या यंत्राच्या कामाला लागल्या, फोर्ट्रान भाषेत निष्णात झाल्या. प्रमुखपद पुन्हा मिळावे म्हणून त्यांनी प्रयत्न केले. पुढच्या तेरा वर्षांत ते मिळाले नाही. वेगळेपणाच्या भिंतीआड जी बाई प्रमुख होऊ शकली, ती भिंत पडल्यावर सर्वांची प्रमुख होऊ शकली नाही. या कथेत सर्वांत बोचरे काही असेल तर ते हे आहे, आणि चित्रपटाने नेमके तेच पुसून तेथे आनंदाचा प्रसंग लिहिला. स्वच्छतागृहाच्या पाटीपेक्षा ही लबाडी मोठी आहे. पाटीचा अन्याय कोणालाही दिसतो. बढतीच्या फायलीतला अन्याय दिसत नाही, म्हणून तो दाखवण्याची गरज अधिक होती.

व्हॉनबाईंनी सोडलेल्या त्या शाळेचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. १९५१ साली मोटन हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीच्या पुढाकाराने संप केला. शाळेत जागा पुरत नव्हती आणि वर्ग डांबरी कागद मारलेल्या शेडमध्ये भरत होते. त्या संपातून निघालेला दावा १९५४ च्या प्रसिद्ध ब्राऊन खटल्यात समाविष्ट झाला, आणि शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरला. यावर त्या प्रिन्स एडवर्ड परगण्याच्या कारभाऱ्यांनी काय करावे? गोऱ्या-काळ्या मुलांना एकत्र बसवण्यापेक्षा त्यांनी १९५९ साली सगळ्याच सार्वजनिक शाळांना टाळे ठोकले. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली. काळ्या मुलांसाठी काही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १९६४ मध्ये त्या शाळा उघडल्या. म्हणजे व्हर्जिनियातील एका प्रयोगशाळेत कृष्णवर्णीय स्त्री अंतराळवीराच्या मार्गाचे गणित सोडवीत होती, तेव्हा त्याच राज्यातील एका परगण्यात कृष्णवर्णीय मुलांना बेरीज शिकवायला शाळा नव्हती. चित्रपटाच्या कथेत या गावाला स्थान नाही.

आता जॉन्सनबाईंकडे वळू. १९१८ साली वेस्ट व्हर्जिनियात एका शेतकऱ्याच्या घरी त्या जन्मल्या. त्यांच्या परगण्यात कृष्णवर्णीय मुलांच्या शिक्षणाची सोय आठवीपाशी संपत असे, म्हणून वडिलांनी मुलांसाठी शंभराहून अधिक मैलांवरच्या इन्स्टिट्यूट नावाच्या गावी बिऱ्हाड केले. अठराव्या वर्षी गणित आणि फ्रेंच घेऊन त्या पदवीधर झाल्या. विल्यम क्लेटर या गणिताच्या प्राध्यापकांनी ही मुलगी संशोधक होणार हे ओळखून तिच्या एकटीसाठी अवकाशाच्या वैश्लेषिक भूमितीचा वर्ग चालवला होता. क्लेटर स्वतः गणितातील डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या काही कृष्णवर्णीयांपैकी एक. संशोधनाची दारे त्यांना मात्र बंदच राहिली. विद्यार्थिनीनेही पुढे शिक्षिकेची नोकरी, लग्न, तीन मुली हा नेहमीचा मार्ग धरला, आणि लँग्लीत ती आली तेव्हा १९५३ साल उजाडले होते.

दोनच आठवड्यांत व्हॉनबाईंनी त्यांना उड्डाण-संशोधन विभागात तात्पुरत्या कामावर पाठवले. तात्पुरते काम महिन्यामागून महिने चालूच राहिले, पगार आणि पद जुनेच. सरकारी कचेऱ्यांची ही रीत जगभर सारखीच दिसते. अखेर व्हॉनबाईंनीच त्या विभागाच्या प्रमुखाला गाठून सुनावले की हिला पगारवाढ देऊन तुमच्याकडे घ्या, नाहीतर माझ्याकडे परत पाठवा. जॉन्सनबाईंची नेमणूक कायम झाली. एका स्त्रीच्या प्रतिभेमागे दुसरीने योग्य वेळी टाकलेला शब्द असतो. चित्रपटात या दोघी जिवलग मैत्रिणी म्हणून एका मोटारीतून कामावर जातात, गप्पा मारतात, पत्ते खेळतात. कचेरीतली ही एकमेकींसाठीची झुंज मात्र त्या मैत्रीच्या मागे जाते.

जॉन्सनबाई प्रश्न विचारीत. आकडेमोड करून दिल्यावर तो आकडा कशासाठी हवा आहे हे गणकाने विचारावे अशी प्रथा नव्हती. अभियंत्यांच्या ज्या बैठकांत अहवालांची चिरफाड होई तेथे आपल्यालाही येऊ द्यावे, असा त्यांनी आग्रह धरला. मुली तेथे येत नाहीत, असे उत्तर मिळाले. येऊ नये असा कायदा आहे काय, हा त्यांचा प्रतिप्रश्न होता. तो त्या पुन्हा पुन्हा विचारीत राहिल्या, आणि १९५८ साली त्या बैठकीत जाऊन बसल्या. पुढे टेड स्कोपिन्स्की नावाच्या अभियंत्याला दुसऱ्या ठिकाणी जायचे होते आणि एक अहवाल अर्धवट राहिला होता. बहुतेक काम कॅथरिननेच केले आहे, तिलाच पुरा करू द्या, असे त्याने वरिष्ठाला सांगितले. सप्टेंबर १९६० मध्ये तो अहवाल छापून आला तेव्हा त्यावर दोन नावे होती, आणि दुसरे नाव कॅथरिन जी. जॉन्सन असे होते. त्या विभागाच्या अहवालावर लेखक म्हणून स्त्रीचे नाव येण्याची ती पहिलीच वेळ. चित्रपटात एक कुजकट वरिष्ठ अभियंता टंकलिखित कागदावरील त्यांचे नाव पुन्हा पुन्हा काढायला लावतो, आणि शेवटी ते नाव दिसते. तो अभियंताही कल्पितच आहे. पण येथे कल्पिताने सत्याला धक्का लावलेला नाही. इतर शेकडो अहवालांवरून जी नावे गळाली, ती गाळणारा कोणी एक खलपुरुष नव्हता, एवढेच ध्यानात ठेवायचे.

त्या अहवालातील प्रश्न काय होता हे चित्रपट नीट सांगत नाही, आणि तो सांगण्यासारखा आहे. तोफेचा गोळा कोठे पडेल हे काढणे सोपे. जॉन्सनबाईंपुढचा प्रश्न उलटा होता : यान समुद्रात अमुक जागी उतरले पाहिजे; तर मग उड्डाणाच्या वेळी अग्निबाण बंद पडतो त्या क्षणी त्याची दिशा नेमकी किती अंशांची असावी? यान पृथ्वीभोवती फिरत असते, आणि त्याच वेळी खाली पृथ्वी स्वतःभोवती फिरत असते. दर तासाला पंधरा अंश या गतीने सुमारे दीड तासाच्या एका फेरीत पृथ्वी बावीस अंश पुढे सरकते. शिवाय ती पुरती गोल नाही, विषुववृत्तावर फुगीर आहे, त्यामुळे यानाची कक्षाही किंचित ढळते. हे सारे हिशेबात धरून शेवटापासून सुरुवातीकडे यायचे. कोठे एक चूक झाली तर जहाजे एकीकडे उभी आणि माणूस भलतीकडे बुडालेला.

२० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन यांनी पृथ्वीला तीन प्रदक्षिणा घातल्या आणि पाच तासांच्या आत ते परत आले. त्यांच्या मार्गाचे गणित आय. बी. एम. ७०९० या यंत्राने केले होते. अंतराळवीरांचा त्या यंत्रावर पुरता विश्वास बसलेला नव्हता. तेव्हा ग्लेन यांनी निरोप दिला की ‘त्या मुलीला’ हे आकडे तपासायला सांगा. ती बरोबर म्हणाली तर मी जायला तयार आहे. ती मुलगी त्या वेळी त्रेचाळीस वर्षांची होती! चित्रपटात हा निरोप उड्डाणाच्या ऐन क्षणी येतो, बाई मिनिटांत उत्तर काढतात, धावत नियंत्रणकक्षापर्यंत जातात, तोंडावर दार बंद होते, मग साहेब ते उघडून त्यांना आत घेतो. खरे काम उड्डाणाच्या आधी झाले. टेबलावरचे यांत्रिक गणनयंत्र घेऊन जॉन्सनबाई बसल्या, यंत्राने सोडवलेली समीकरणे त्यांनी हाताने सोडवली, आणि त्याला दीड दिवस लागला. आकडे जुळले.

दीड दिवस खाली मान घालून बसलेली बाई पडद्यावर कशी दाखवणार, हा दिग्दर्शकापुढचा पेच खोटा नाही. म्हणून थिओडोर मेल्फी यांनी तिला शिडीवर चढवून भल्यामोठ्या फळ्यावर खडूने लिहायला लावले. फळा पाहून शिक्षकांना बरे वाटेल. गणकांचे आयुष्य मात्र तक्त्यांत गेले. चित्रपटाचे ऋणही मान्य केले पाहिजे. मार्गो ली शेटर्ली या हॅम्प्टनमध्येच वाढलेल्या, लँग्लीतील शास्त्रज्ञाच्या मुलीने वर्षानुवर्षे खपून पुस्तक लिहिले. ते २०१६ साली निघाले आणि त्यावरील चित्रपट त्याच वर्षाच्या अखेरीस आला. नुसत्या पुस्तकाने जे नाव काही हजारांपर्यंत गेले असते, ते चित्रपटाने कोट्यवधींपर्यंत नेले. २०१७ च्या ऑस्कर समारंभात अठ्ठ्याण्णव वर्षांच्या जॉन्सनबाई चाकाच्या खुर्चीतून मंचावर आल्या तेव्हा सारे सभागृह उभे राहिले. सर्वोत्कृष्ट चित्रपटासह तीन नामांकने मिळाली होती, पारितोषिक एकही मिळाले नाही; पण जगभरच्या वर्गांतून आज त्या तीन नावांवर निबंध लिहिले जातात ते या चित्रपटामुळेच.

तिसरे नाव मेरी जॅक्सन यांचे. स्वच्छतागृहाच्या त्या अपमानाने संतापलेल्या असतानाच त्यांची गाठ काझिमिएर्झ झार्नेकी या अभियंत्याशी पडली. त्यांनी मनातला सगळा राग त्यांच्यापाशी ओकला. तुम्ही माझ्याकडे कामाला या, असे ते म्हणाले, आणि साठ हजार अश्वशक्तीच्या स्वनातीत वातबोगद्यावर मेरी जॅक्सन काम करू लागल्या. अभियंता व्हा, हा आग्रहही त्यांचाच. त्यासाठी लागणारे वर्ग भरत गोऱ्यांच्या हॅम्प्टन हायस्कुलात. आपल्याच गावातील शाळेत पाऊल ठेवण्यासाठी नगरपालिकेची खास परवानगी मागावी लागली. चित्रपटात यावर न्यायालय, न्यायाधीश आणि एक बाणेदार भाषण आहे. ती मिळाली आणि बाई आत गेल्या, तेव्हा त्यांना काय दिसले? एक जुनाट, कुबट वासाची, मोडकळीस आलेली इमारत. आयुष्यभर जी दारे बंद होती त्यांच्या आत हे होते! दोन समाजांसाठी दोन शाळा चालवायच्या म्हणून गावाने दोन्ही दरिद्री ठेवल्या होत्या. वर्णभेदावर याहून मार्मिक टीका कोणत्याही भाषणात सापडणार नाही, आणि ती पटकथेत आली असती तर त्या न्यायालयाची उणीव कोणाला भासली नसती.

१९५८ साली त्या नासाच्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री अभियंता झाल्या. चित्रपट १९६२ मध्ये थांबतो, म्हणून त्यांच्या आयुष्यातील सर्वांत विलक्षण निर्णय त्यात येत नाही. अनेक वर्षे अभियंतापदावर काढल्यावर पुढची बढती काही मिळेना. १९७९ साली या बाईंनी अभियंतापद सोडले, आणि खालची श्रेणी पत्करून स्त्री कर्मचाऱ्यांच्या हिताचे काम पाहणारे पद घेतले. इतर स्त्रियांना बढत्या कशा मिळतील, कोणता अभ्यासक्रम पुरा केला म्हणजे कोणत्या पदासाठी अर्ज करता येईल, हे सांगण्यात त्यांनी नोकरीची शेवटची वर्षे घालवली. १९८५ मध्ये त्या निवृत्त झाल्या आणि २००५ मध्ये वारल्या. नासाच्या वॉशिंग्टनमधील मुख्यालयाला त्यांचे नाव देण्याचे जाहीर झाले ते २०२० साली.

तीन नायिकांच्या कथेचा आणखी एक तोटा असतो. प्रेक्षक समजतो की त्या तीनच होत्या. १९४३ ते १९८० या काळात लँग्लीत गणक, गणितज्ञ, अभियंता किंवा शास्त्रज्ञ म्हणून काम केलेल्या सुमारे पन्नास कृष्णवर्णीय स्त्रिया शेटर्ली यांना नावानिशी सापडल्या, आणि आणखीही सापडतील असे त्यांना वाटत होते. हा दोन-चार चमत्कारांचा नव्हे, एका अख्ख्या कचेरीचा इतिहास आहे. तीतच १९६७ साली आलेल्या ख्रिस्तीन डार्डन यांनी, आमच्याइतकेच शिकलेले पुरुष अभियंत्यांच्या विभागात जातात आणि आम्ही गणकांत का, असा थेट सवाल वरिष्ठाला केला. त्यांची बदली झाली, आणि स्वनातीत विमानांच्या गडगडाटावरील त्यांचे संशोधन पुढे जगन्मान्य झाले.

लँग्लीबाहेरही अशा स्त्रिया होत्या, आणि त्यांच्या वाट्याला चित्रपट आला नाही. डालग्रेन येथील नौदलाच्या केंद्रात १९५६ पासून बेचाळीस वर्षे नोकरी केलेल्या ग्लॅडिस वेस्ट यांनी पृथ्वीचा नेमका आकार सांगणारी जी गणिते मांडली, त्यांचा आधार पुढे उपग्रहांवरून ठिकाण सांगणाऱ्या यंत्रणेला मिळाला. आज खिशातल्या फोनमध्ये रस्ता शोधणाऱ्याला त्यांचे नाव ठाऊक नसते. क्लीव्हलंडच्या लुईस प्रयोगशाळेत अॅनी इझली १९५५ मध्ये लागल्या तेव्हा तेथील सुमारे अडीच हजार कर्मचाऱ्यांत कृष्णवर्णीय चारच होते. सेंटॉर अग्निबाणाच्या कामात त्यांचा वाटा होता. एकदा सहकाऱ्यांबरोबरचे त्यांचे एक छायाचित्र प्रयोगशाळेच्या प्रदर्शनासाठी मोठे करून लावण्यात आले. त्या पाहायला गेल्या, तो चित्रातून त्यांनाच कापून काढलेले! इझलीबाईंनी कामावर परिणाम होऊ दिला नाही. नोकरी सांभाळून त्या शिकत राहिल्या आणि १९७७ साली गणिताच्या पदवीधर झाल्या.

२०१९ साली अमेरिकन काँग्रेसने या स्त्रियांसाठी सुवर्णपदकांचा कायदा केला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती पदके देण्यात आली. तोवर जॉन्सनबाईही वारल्या होत्या. २०२० च्या फेब्रुवारीत, वयाच्या एकशे एकाव्या वर्षी. व्हॉनबाई २००८ मध्येच गेल्या होत्या. पदके पाच होती. चार जॉन्सन, व्हॉन, जॅक्सन आणि डार्डन यांच्या नावांची. पाचवे कोणा एकीचे नव्हते. १९३० च्या दशकापासून १९७० च्या दशकापर्यंत त्या प्रयोगशाळांतून गणक, गणितज्ञ आणि अभियंता म्हणून राबलेल्या सगळ्या स्त्रियांना मिळून ते एक होते.